मुंबईहून बर्लिनला जाताना

मुंबईतून बर्लिनला निघणाऱ्याने विमानाच्या तिकिटाआधी व्हिसाच्या अपॉइंटमेंटकडे पाहावे. जर्मनीसह युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि त्यासोबत किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा लागतो. त्यामुळे मे महिन्यात जायचे असल्यास जानेवारीतच कामाला लागणे बरे. डिसेंबरात मात्र दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, हे आपल्यासारख्या उन्हाच्या माणसांना जड जाते.

बर्लिनची तिकिटे ए, बी आणि सी अशा झोनप्रमाणे असतात; विमानतळ सी झोनमध्ये असल्याने शहरात येताना ए-बी-सी तिकीट घ्यावे. स्थानकांवर अडवणारे गेट नसतात. छापील तिकिटावर प्रवासापूर्वी यंत्रात शिक्का मारावा लागतो, आणि तपासनीस अनेकदा साध्या वेशात येतात, त्यामुळे लोकलच्या टीसीसारखा काळा कोट शोधत बसू नये.

दिवसांची आखणी करताना बहुतेक मोठी संग्रहालये सोमवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवावे. सोमवार बेर्नाउअर श्ट्रास या रस्त्यावरील बर्लिनच्या भिंतीच्या खुल्या स्मारकासाठी राखावा. १९६१ ते १९८९ या काळात एका रस्त्याचे दोन देश कसे झाले, हे तेथे चालतच समजते. पूर्व आणि पश्चिम बर्लिनमधील जुनी सीमाचौकी असलेल्या चेकपॉइंट चार्लीचा बाजार माझ्या मते वगळला तरी चालेल.

संग्रहालय बेटावर एकच ठिकाण निवडायचे तर नॉयेस म्युझियम निवडावे. प्राचीन इजिप्तची राणी नेफर्टिटी हिचा अर्धपुतळा तेथे आहेच, पण इमारतही तितक्याच सावकाश पाहावी: महायुद्धात उद्ध्वस्त झालेली ही वास्तू २००९ मध्ये पुन्हा उघडताना वास्तुरचनाकार डेव्हिड चिपरफील्ड यांनी जुन्या भिंतींवरच्या जखमा लपवल्या नाहीत. हाच स्वभाव शहरभर दिसतो. हाम्बुर्गर बानहोफ हे जुने रेल्वे स्थानक १९९६ पासून समकालीन कलेचे संग्रहालय आहे, तर २००८ मध्ये बंद झालेल्या टेम्पेलहोफ विमानतळाच्या धावपट्टीवर आज लोक सायकली चालवतात. गिरणगावच्या जागी उभे राहिलेले मॉल पाहिलेल्या मुंबईकराला येथे थोडा हेवा वाटणे स्वाभाविक आहे.

राइशस्टाग या जर्मन संसदेच्या इमारतीचा काचेचा घुमट विनामूल्य असला तरी आगाऊ नोंदणी करावी आणि पासपोर्ट जवळ ठेवावा. तेथून उंटर डेन लिंडेन या रस्त्याने बेबेलप्लाट्स या चौकापर्यंत चालत यावे. १९३३ मध्ये जेथे पुस्तके जाळली गेली, तेथे आता जमिनीखाली काचेतून दिसणारी रिकामी कपाटे आहेत. समोरच ते विद्यापीठ आहे, जेथून इरावती कर्वे यांनी डॉक्टरेट मिळवली.