बिनचावीच्या मॅक्सी स्कूटरची जादा चावी सीटखाली ठेवू नका
बीएमडब्ल्यू सी ४०० जीटीसारख्या मॅक्सी (म्हणजे मोठ्या, ताकदवान) स्कूटरची रिमोट चावी खिशातच राहते आणि सीटचे कुलूप विजेवर उघडते. म्हणूनच जादा चावी किंवा जंप केबल (दुसऱ्या बॅटरीवरून गाडी सुरू करण्याची वायर) सीटखाली ठेवण्याची सवय मोडावी, कारण १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण उतरली की नेमकी तीच जागा बंद होऊन बसते. इंजिन बंद असताना हँडलच्या गरम होणाऱ्या ग्रिप चालू ठेवू नयेत, आणि गाडी काही आठवडे उभी राहणार असेल तर बॅटरीला मेंटेनन्स चार्जर (उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जर) लावावा. चावीतील बटन सेलही वेळीच बदलावा. आणीबाणीत सीट कशी उघडावी, हे माहितीपुस्तिकेत पाहून त्या पानाचे छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवावे. पुस्तिका बहुतेकांची सीटखालीच असते!