उन्हाळ्याची तयारी : झळांची वेगळी, घामाची वेगळी, वळवाची वेगळी

आमचं निम्मं घर वसमतजवळच्या गावात आणि निम्मं डोंबिवलीत. मार्च उजाडला की मी तयारीच्या दोन याद्या करते आणि दोन्हींना वळवाची तिसरी जोडते. पूर्वी माठ, ताक आणि टोपी एवढ्यावर भागवायचो. मराठवाड्याची कोरडी झळ आणि ठाण्याकडचा चिकचिकाट यांना एकच उपाय लागू पडत नाही, हे दोन्हीकडे उन्हाळे काढल्यावर कळलं.

आधी अंदाज नीट वाचायची सवय लावा. हवामान खातं उन्हाळ्याच्या तोंडाशी पुढच्या तीन महिन्यांचा अंदाज देतं, पण रोजच्या कामाला येतो तो जिल्हावार इशारा. पिवळा असेल तर लक्ष ठेवायचं, नारिंगी असेल तर तयारीत राहायचं, लाल असेल तर हातातलं काम सोडून आधी जीव सांभाळायचा. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंश किंवा त्याहून जास्त आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी वर गेलं, की उष्णतेची लाट धरतात. किनारपट्टीला हाच आकडा ३७ आहे. गावाकडे ४२-४३ अंगवळणी पडलेल्यांना ३७ किरकोळ वाटतं, पण दमट हवेत ३७ सोसत नाही. शिवाय जाहीर होणारा आकडा सावलीत, हवेशीर पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो. पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्तच धरून चाला. रात्रीचं किमान तापमानही बघत जा, कारण रात्र निवली नाही तर माणूस सकाळी थकलेलाच उठतो.

गावाकडच्या घरी पहिलं काम कूलरचं. जुनं गवत काढून नवं भरा, पंपाची वायर कुठे उघडी पडली आहे का ते तपासून घ्या, आणि पाणी भरताना दर वेळी प्लग काढा. हे सांगताना मी कंटाळत नाही, कारण ओल्या हाताने कूलरला लागलेला शॉक जीव घेतो. पत्र्याला वरून चुना मारून घ्या. पत्र्यावर पाचट टाकणार असाल तर दोरीने आवळून बांधा, नाहीतर पहिल्याच वावटळीत ते शेजारच्या अंगणात जाईल. शेतातली कामं पहाटे साडेपाचला सुरू करून साडेदहापर्यंत आवरा. जनावरांना दुपारीही पाणी दाखवा. घरात साखर-मिठाचं पाणी करता येणारं कुणीतरी असावं : एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका.

डोंबिवलीत कूलरवर पैसे घालू नका. कूलर पाण्याच्या वाफेवर हवा गार करतो, आणि तिथल्या हवेत वाफेला जागाच उरलेली नसते. घामाचंही तेच. घाम वाळला तरच अंग निवतं. नुसताच निथळत राहिला तर पाणी आणि मीठ जातं, गारवा मिळत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात उघड्यावर बसलेली माणसं उष्माघाताने गेली, तेव्हा पारा काही विदर्भासारखा चढलेला नव्हता. म्हणून किनाऱ्यावरच्या घरासाठी समोरासमोरच्या खिडक्या उघडता येतील असं सामान हलवा, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट साफ करा, सुती कपडे वर काढा, कोकमाचा आगळ भरून ठेवा. ओला पंचा अंगावर घेऊन पंख्याखाली बसणं हा म्हाताऱ्या माणसांसाठी मला सापडलेला सर्वांत चांगला उपाय. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्याआधी डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

दोन्ही घरांत फ्रिजच्या दारावर १०८ लिहून चिकटवा. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग तापून फणफणलं, तर घाम येतोय म्हणून थांबू नका. फोन करा, सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, मान-काख-जांघेत ओली फडकी ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आता वळीव. ज्या दिवशी सगळ्यांत जास्त काहिली होते, बहुतेक वेळा त्याच दिवशी दुपारनंतर तो येतो. तापलेली जमीन हवा वर ढकलते, समुद्रावरून आलेली आर्द्रता तिला मिळते आणि दोन-तीन तासांत ढग उभा राहतो. आमच्याकडे तेव्हाच शिजवलेली हळद उघड्यावर पसरलेली असते. ती भिजली की रंग उतरतो आणि भाव पडतो. वारा एकदम पडतो, दोरीवरची साडी हलायची थांबते, पश्चिमेला मातकट भिंत दिसते, आणि आई हातातली भाकरी तव्यावर सोडून पळते. म्हणून ताडपत्रीच्या चारी कोपऱ्यांना दोऱ्या मार्चमध्येच बांधा आणि दगड खळ्यावरच ठेवा, शोधायला वेळ मिळत नाही.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी अ‍ॅप घरातल्या प्रत्येक फोनवर घ्या, ते जवळपास पडणाऱ्या विजेचा इशारा देतं. वीज चमकली की आकडे मोजा : तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत गडगडलं तर पक्क्या घरात जा. झाडाखाली थांबू नका. पत्र्याची शेडही आसरा नव्हे : ९ एप्रिल २०२३ ला अकोला जिल्ह्यातल्या पारसला मंदिराच्या शेडवर झाड कोसळून सात माणसं गेली. शहरात जाहिरातींच्या फलकांपासून लांब राहा, १३ मे २०२४ ला घाटकोपरला धुळीच्या वादळात फलक पडून सतरा जण गेले. रानात अडकलात तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे होऊ नका. वीज लागलेल्या माणसाला हात लावायला भिऊ नका, त्याच्या अंगात वीज उरलेली नसते. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला लागा.

शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास थांबा. मग वाटेत तुटलेली तार नाही ना ते पाहून खळ्यावर जा, ताडपत्रीवरचं पाणी उताराकडे सोडा, आणि खालची जमीन वाळल्याशिवाय हळद पसरू नका.