उंबऱ्यापासून पारापर्यंत: मणक्याच्या इजेनंतर गावात परतताना

बेदाण्याच्या शेडवर पत्रा बसवताना खाली पडलो, त्याला सहा वर्षं झाली. डी १० ला, म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्यापाशी, मज्जारज्जूला मार बसला. बेंबीखाली हालचाल नाही, स्पर्शही कळत नाही. पाच महिन्यांनी तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात व्हीलचेअरवर परत आलो. दवाखान्यात खुर्ची चालवायला शिकवतात ती गुळगुळीत फरशीवर. गावात तशी फरशी कुठे असते? म्हणून हे लिहितोय.

सुट्टी मिळायच्या पंधरा दिवस आधी घरच्यांना टेप घेऊन घर मोजायला लावा. दार उघडल्यावर निदान ३२ इंच मोकळी जागा हवी. आमच्या न्हाणीचं दार २४ इंची आणि आत उघडणारं होतं. भावानं चौकट काढून मोठी बसवली, दार बाहेर उघडेल असं केलं. उताराचा हिशेब सोपा आहे: एक इंच उंचीला एक फूट लांबी. आमचं जोतं दीड फुटाचं, म्हणजे अठरा फूट उतार. गवंडी म्हणाला, "सहा फुटात बसवतो की." ऐकू नका. तसल्या उतारावर मागून कुणीतरी धरावंच लागतं, आणि उतार करायचा तो एकट्याला बाहेर पडता यावं म्हणून. अंगण अपुरं पडलं तेव्हा आम्ही मधे पाच बाय पाच फुटांचा सपाट टप्पा ठेवून उतार वळवला.

आता लघवीचं. लाजून कुणी बोलत नाही, पण माणूस घरात अडकून पडतो तो यामुळेच. मी दर ४ ते ६ तासांनी नळी घालून लघवी काढतो. मूत्राशयात एका वेळी ५०० मिलीच्या वर साठू द्यायचं नाही. बाहेर जाताना नळी, जेली, साबण, पाण्याची बाटली, मापाची बाटली आणि एक जुनी चादर माझ्या झोळीत असतेच. लग्नाला गेलो की गाडीच्या मागच्या सीटवर, काचांना चादर लावून उरकतो. कुठे अडचण होऊ नये म्हणून पाणी तोडू नका. मी तोडलं होतं, जंतुसंसर्ग झाला, थंडी वाजून ताप आला. लघवी गढूळ झाली, वास मारू लागली किंवा पायांचे झटके वाढले तर लगेच डॉक्टरांकडे जा. ज्यांची इजा डी ६ ला किंवा त्याच्या वर आहे, त्यांचं डोकं अचानक ठणकून घाम फुटला तर आधी ताठ बसवा, कपडे सैल करा, नळी मुडपली आहे का, लघवी तुंबली आहे का ते बघा. उतार पडला नाही तर थेट दवाखाना गाठा. घरातल्या प्रत्येकाला हे पाठ हवं.

चुलत बहिणीच्या लग्नात साडेतीन तास एका जागी बसून राहिलो. सगळे भेटायला येत होते, मी आनंदात होतो. रात्री बायकोला बसायच्या हाडावर लाल चट्टा दिसला. आठ दिवसांत जखम झाली आणि तीन महिने पालथं पडून काढले. त्यात द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी गेली, त्याचं अजून वाईट वाटतं. आता फोन दर वीस मिनिटांनी खिशात थरथरतो. तेव्हा पुढे वाकून छाती मांड्यांवर टेकवायची, दोन मिनिटं तसंच राहायचं. समोर कुणीही बसलेलं असो. रोज रात्री आरशात माकडहाड, बसायची हाडं, टाचा बघायच्या. चट्टा अर्ध्या तासात गेला नाही तर त्यावर बसायचं नाही. चहाचा गरम पेला मांडीत धरू नका, मोटारसायकलच्या सायलेन्सरजवळ पाय जाऊ देऊ नका. भाजलेलं कळत नाही.

आमच्याकडची काळी माती पावसात पुढच्या लहान चाकांना अशी चिकटते की खुर्ची जागची हलत नाही. खुर्चीला एक खुरपं बांधून ठेवलंय. थांबायचं, मातीची ढेकळं खरवडायची, पुढे जायचं.

घरी आल्यावर महिनाभर माणसं भेटायला येतात आणि रडतात. त्यांची वाट बघत बसू नका. पहिल्याच आठवड्यात, काही काम काढून, स्वतः बाहेर पडा. मी संध्याकाळी पारावर गेलो ते फवारणीच्या औषधाचा दर विचारायला. शेजारचे आबा म्हणाले, "बाळा, कशाला आलास एवढं?" आणि न विचारता खुर्ची ढकलायला लागले. मी म्हटलं, "आबा, मी सांगतो तेव्हा ढकला, नाहीतर पुढं पडंन." ते मुळीच रागावले नाहीत. त्यांना ठाऊकच नव्हतं. बागेची हजेरी आणि फवारणीची वही आईनं माझ्याकडे दिली. मजूर हिशेबाला रोज माझ्याकडे यायला लागले, तसं गावाचं बोलणंही बदललं.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, लवकर काढा, एसटीच्या सवलतीला आणि बहुतेक योजनांना ते लागतं. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, ग्रामसभेत विषय काढा. आमच्या कचेरीला उतार दुसऱ्या अर्जानंतर झाला.

ऋषिपंचमीला तासगावच्या गणपतीचा रथ असतो. पहिल्या वर्षी गर्दीत खुर्ची नेऊ नका, दोर ओढणाऱ्यांचा लोंढा अंगावर येतो. ओळखीच्या दुकानाचा कट्टा आधी सांगून ठेवा, दोन तास आधी पोहोचा, निघायच्या आधी नळी घाला.