छपाईला फोटो देण्याआधी त्याला धार कशी द्यावी

आमच्या इंदूरच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत फोटो लावायचं काम माझ्याकडे असतं. भाद्रपद जवळ आला की रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर, सगळीकडून फोटो यायला लागतात, आणि बऱ्याच जणांनी ते मोबाइलवर आधीच शार्प करून टाकलेले असतात. गालांवर रवाळ कण, पैठणीच्या काठांना पांढऱ्या कडा. एकदा असं झालं की मागे नेता येत नाही. म्हणून सगळ्यांना कळकळीने सांगते: एक तर मूळ फोटो जसाच्या तसा पाठवा, नाहीतर घरीच कॉम्प्युटरवर नीट करा. फोटो सुधारायचं गिम्प हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं.

आधी एक समजून घ्या. शार्प केल्याने चुकलेला फोकस परत येत नाही. आरतीच्या वेळी हात हलला असेल तर तो फोटो गेला, दुसरा निवडा. गिम्प करतं ते एवढंच: फोटोची एक धूसर प्रत बनवून ती मूळ फोटोशी ताडून बघतं. जिथे दोन्हींत फरक पडतो तिथे कड असते. तिची उजळ बाजू आणखी उजळ होते, गडद बाजू आणखी गडद, आणि आपल्या डोळ्याला ती कड रेखीव वाटते. डार्करूमच्या दिवसांतही हेच करत. निगेटिव्हला तिचीच धूसर पॉझिटिव्ह फिल्म जोडून प्रिंट काढत. गिम्पमधल्या अनशार्प मास्क या फिल्टरचं नाव तिथूनच आलं.

हे काम सगळ्यात शेवटी करायचं. रंग, उजेड, कापाकापी आधी उरकून घ्या. रात्री सराफ्यात काढलेल्या फोटोत दाणे असतील तर तेही आधी कमी करा (फिल्टर्स, एन्हान्स, नॉइज रिडक्शन), कारण गिम्पला दाणाही कडच वाटतो आणि तो दाण्यालाही धार लावतं. मग इमेज मेनूतल्या स्केल इमेजमधून फोटो छपाईच्या मापाला आणा. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ६ बाय ४ इंचाच्या फोटोला १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात. आधी शार्प करून मग लहान केला तर लावलेली धार आकसण्यात निघून जाते.

आता राजवाड्याचाच फोटो घेऊ, कारण दरवर्षी मुखपृष्ठासाठी कुणी ना कुणी तो पाठवतंच. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, आणि त्यावर मोकळं आकाश. शिफ्ट, कंट्रोल आणि डी दाबून लेयरची, म्हणजे फोटोच्या थराची, प्रत करा; ती मूळ फोटोच्या वर बसते. प्रतीचा मोड एलसीएच लाइटनेस ठेवा, म्हणजे धार फक्त उजेड-अंधाराला लागते आणि कडांवर भलते रंग उमटत नाहीत. मग १ हे बटण दाबून फोटो शंभर टक्क्यांवर आणा. अख्खा फोटो स्क्रीनवर मावेल इतका लहान करून शार्पनेस ठरवूच नका, तिथे खरं काही दिसत नाही.

फिल्टर्स, एन्हान्स, शार्पन (अनशार्प मास्क). तीन आकडे दिसतील. रेडियस म्हणजे कडेपासून किती लांबवर फरक पाडायचा, अमाउंट म्हणजे किती जोरात, थ्रेशोल्ड म्हणजे किती बारीक फरकाकडे काणाडोळा करायचा. गिम्प स्वतःहून रेडियस ३ देतं. लाकडी झरोक्यांच्या बारीक नक्षीला ते फार होतं, दोन महिरपींमधली गडद फट भरून आल्यासारखी दिसते. मी रेडियस १ वर आणते आणि अमाउंट ०.५ पासून हळूहळू वाढवते. नजर नक्षीवर नाही, छपराच्या कडेवर ठेवायची. आकाशाला लागून चुन्याची रेघ ओढल्यासारखी पांढरी किनार दिसली की अमाउंट जास्त झालं. ती दिसेनाशी होईपर्यंत मागे या. आकाशात कण दिसत असतील तर थ्रेशोल्ड किंचित वाढवा, ०.०२ च्या आसपास.

तरीही आकाशाला आणि माणसांच्या चेहऱ्यांना धार कशाला हवी? प्रत केलेल्या लेयरवर राइट क्लिक करून काळा लेयर मास्क, म्हणजे त्या थराला झाकणारा पडदा, जोडा. धार सगळी गायब होईल. आता मऊ कडेचा ब्रश आणि पांढरा रंग घेऊन फक्त नक्षी, खांब, दगडांचे सांधे यांवरून फिरवा. व्यक्तीचा फोटो असेल तर डोळे, पापण्या, नथ, साडीचे काठ. गाल सोडून द्या. याला वेळ लागतो, पण माझ्या मते सगळी मेहनत इथेच सार्थकी लागते.

कागदावर शाई थोडी पसरते, म्हणून छपाईचा फोटो स्क्रीनवर जरासा कडक वाटला तर चालतो. नुसता मोबाइलवर बघायचा असेल तर रेडियस आणखी कमी, ०.५ पुरतं. मोबाइलने काढलेल्या फोटोला फोनने स्वतःच धार लावलेली असते, तिथे बहुतेक वेळा हात न लावलेलाच बरा.

मूळ काम एक्ससीएफ या गिम्पच्या स्वतःच्या फाइल प्रकारात सेव्ह करा. पाठवायला एक्सपोर्ट अ‍ॅजमधून जेपेग काढा, क्वालिटी ९५ ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून टाका, आणि फाइलच्या नावात कार्यक्रम व वर्ष लिहा.