गरोदरपणातला ताप बाळाच्या कागदावर लिहा

नव्या आशाताईंनो, आपल्या गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीच्या जंगलपट्ट्यात मोठ्या माणसाला थंडी वाजून ताप आला की आरडीके (मलेरियाची जागेवरच होणारी झटपट रक्ततपासणी) करा, असं कुणाला सांगावं लागत नाही. तान्ह्या बाळाचा मलेरिया मात्र हातातून निसटतो, कारण तो मलेरियासारखा दिसतच नाही. बाळाला हुडहुडी भरत नाही. ते नुसतं दूध ओढेनासं होतं, कुरकुरतं, पिवळं किंवा पांढरंफटक पडतं. म्हणून आरोग्यसेविका म्हणून मी माझ्या प्रत्येक आशेला पहिल्यापासून हेच शिकवते, की बाळाचा मलेरिया आईच्या गरोदरपणातल्या तापापासून शोधत यायचा.

तेव्हा काम बाळंतपणाआधीच सुरू होतं. गरोदर बाईला ताप आला की त्याच दिवशी आरडीके करा आणि काचपट्टीही (सूक्ष्मदर्शकाखाली बघायला काचेवर घेतलेलं रक्त) घ्या. दोन्ही का, ते समजून घ्या. फॅल्सिपेरम या मलेरियाच्या जास्त घातक जातीचे जंतू असलेल्या रक्तपेशी वारेत चिकटून बसतात. वारेत जंतू भरपूर आणि बोटाच्या थेंबात अगदी थोडे, असं होऊ शकतं, म्हणून एकाच तपासणीवर विसंबायचं नाही. आपल्याकडच्या कित्येक बायकांना अशा वेळी तापही येत नाही, फक्त रक्त कमी होत जातं. लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन चढत नसेल, तर मलेरियाची तपासणी डॉक्टरांना आठवणीने करायला सांगा. सिकलसेलचं (रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचं) कार्डही त्याच वेळी बघा. सिकलसेलचा आजार असलेल्या बाईला मलेरिया फार जड जातो.

व्हायव्हॅक्स, म्हणजे मलेरियाची दुसरी जात, निघाला तर एक गोष्ट मनात पक्की ठेवा. त्याचे जंतू यकृतात दडून राहतात आणि त्यांना मारणारी प्रायमाक्वीन गरोदरपणात देता येत नाही. म्हणजे ताप उतरला तरी तो पुन्हा उलटू शकतो. अशा बाईकडे बाळंतपणापर्यंत चक्कर चालू ठेवायची आणि ताप आला की पुन्हा तपासायचं. कुठलं औषध द्यायचं हे कितवा महिना आहे त्यावर ठरतं, म्हणून गरोदर बाईचा डोस गावात ठरवू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद होतो. दिवस भरत आलेल्या बाईला त्याआधीच माहेरघरात (बाळंतपणाआधी दवाखान्याजवळ राहायची सोय) हलवण्यासाठी घरच्यांच्या मागे लागा. सासूबाई नाही म्हणाल्या तर दुसऱ्या दिवशी परत जा.

बाळ जन्मलं की त्याच्या गृहभेटीच्या कागदावर सगळ्यात वर आईचा ताप लिहा: कोणत्या महिन्यात आला, तपासणीत काय निघालं, औषध पूर्ण घेतलं का. छापील रकाना नसेल तर कोपऱ्यात लिहा. आईकडून आलेला मलेरिया बाळात बहुधा जन्मानंतर 10 ते 30 दिवसांत डोकं वर काढतो, क्वचित पहिल्या एकदोन दिवसांतच. आपल्या भेटी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी असतात. नाळ पडली, बाळ दूध पितं, आता काय बघायचं असं वाटून ज्या भेटी घाईत उरकल्या जातात, नेमक्या त्याच इथे कामाच्या आहेत. बाळाला दिवसा, उजेडात बघा. तळवे आणि तळपाय फिके आहेत का, डोळ्यांत पिवळेपणा आहे का, पोट फुगलंय का, वजन वाढतंय का. थर्मामीटर काखेत लावा. 37.5 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त हा ताप. पण 35.5 च्या खाली गेलेलं गार बाळही तितकंच आजारी समजा.

रोवणीच्या दिवसांत आईला ताप येऊन गेलेला, बाजारातल्या दुकानातून दोन गोळ्या घेऊन तिने तो घालवलेला, असं एक बाळ मी पाहिलंय. तिसऱ्या आठवड्यात ते पिवळं दिसायला लागलं. घरच्यांनी कावीळ म्हणून रोज कोवळ्या उन्हात धरलं. तळपाय मात्र पांढरे पडत चालले होते. आमच्या आशेने आईच्या तापाची नोंद केलेली होती, म्हणून ती तिथेच थांबली आणि मला बोलावणं धाडलं. आरडीकेवर फॅल्सिपेरमची रेघ उमटली. नाल्याला पाणी होतं, गावकऱ्यांनी माय-लेकाला खाटेवरून पलीकडे नेलं. बाळाला रक्त चढवावं लागलं आणि ते वाचलं. ती कोपऱ्यातली ओळ लिहिलेली नसती, तर आणखी आठवडाभर ऊनच दाखवलं गेलं असतं.

तान्ह्याचं रक्त बोटातून घेऊ नका, टाचेच्या कडेवरून घ्या, मधोमध टोचू नका. त्याआधी टाच हाताने ऊबदार करा, थेंब सहज येतो. किटच्या पाकिटावर लिहिलेत तेवढेच द्रावणाचे थेंब टाका, लिहिलेल्या वेळेलाच वाचा. फार उशिरा दिसलेली रेघ धरायची नाही. कंट्रोलची (किट नीट चालतंय हे दाखवणारी) रेघ आली नाही तर किट बाद, दुसरं उघडा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल, ते गार पडलं असेल, दूध सोडलं असेल, झटके येत असतील, छाती आत ओढली जात असेल किंवा मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, तर आरडीके काहीही सांगो, बाळ दवाखान्यातच जायला हवं. मलेरिया आणि जंतुसंसर्ग या वयात सारखेच दिसतात आणि दोन्ही एकाच वेळी असू शकतात. रेघ उमटली म्हणून गावात गोळी मोडून पाजायची नाही. आपल्या किटमधलं आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन पाच महिन्यांच्या आत चालत नाही, प्रायमाक्वीन वर्षाच्या आत नाही. 2 ते 5 किलोच्या बाळांसाठी खास बनवलेल्या औषधाला मुळात मान्यताच जुलै 2025 मध्ये, स्वित्झर्लंडमध्ये मिळाली. इतक्या लहान जिवाचा डोस डॉक्टरांनीच वजनावर काढायचा असतो.

102 ला फोन लावा. गाडी येईपर्यंत बाळ आईच्या उघड्या छातीशी धरून वरून गुंडाळा. ओढता येत नसेल आणि शुद्धीत असेल, तर आईचं दूध काढून चमच्याने थेंबथेंब द्या, कारण मलेरियात साखर झपाट्याने उतरते. बेशुद्ध किंवा झटक्यातल्या बाळाच्या तोंडात काहीही घालू नका. चिठ्ठीवर आईचा इतिहास, जन्माचं आणि आजचं वजन, शेवटचं दूध आणि लघवी केव्हा, हे लिहा. काचपट्टीही सोबत पाठवा.

मोठ्यांबद्दल थोडक्यात. तेलंगणातून मिरची तोडून परतलेला माणूस बरळत असेल, चहासारखी लघवी होत असेल, डोळे पिवळे असतील, दम लागत असेल, तर तो मेंदू, मूत्रपिंड, यकृत किंवा फुप्फुसापर्यंत गेलेला मलेरिया समजा. त्याला आर्टेसुनेटचं इंजेक्शन लागतं: पहिलं लगेच, मग 12 आणि 24 तासांनी. पुजाऱ्याकडे नेत असतील तर भांडू नका. पुजाऱ्यालाच सोबत गाडीत बसवा. माझा अनुभव आहे, तोही येतो.

बाळ घरी परतल्यावर दोन गोष्टी. व्हायव्हॅक्स आईकडूनच आलेला असेल तर बाळाच्या यकृतात जंतू दडलेले नसतात, त्यामुळे प्रायमाक्वीन का दिली नाही म्हणून घाबरू नका. आणि फॅल्सिपेरमची आरडीके बरं झाल्यावरही काही आठवडे रेघ दाखवू शकते. पुन्हा ताप आला तर त्या रेघेवर निर्णय घेऊ नका, काचपट्टी काढा. हिमोग्लोबिन मात्र पुढच्या भेटींमध्ये तपासून घ्या, आईचं आणि बाळाचं, दोघांचंही.