'नेहमी रूट' म्हणजे नेमकं काय?

मुलुंडच्या घरी, सगळे झोपल्यावर, स्विचिंगच्या (नेटवर्कमधली यंत्रं जोडणाऱ्या स्विचच्या) सराव लॅब सोडवायचो. प्रश्न होता: व्हीलॅन १० साठी पहिला स्विच 'नेहमी' रूट राहील असं करा. (व्हीलॅन म्हणजे नेटवर्कमधला वेगळा केलेला गट; रूट म्हणजे लूप टाळताना बाकीचे स्विच ज्याला केंद्र मानतात तो.) मी 'रूट प्रायमरी' ही कमांड ठोकली, स्विच रूट झाला, मी खूश. उत्तर चूक!

दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये ऑफिसातल्या मित्राला रडगाणं ऐकवलं. तो म्हणाला, "अरे, इंडिकेटरवर फास्ट दिसली की नाहूरला उतरायचा विचार तरी करतोस का? मग 'नेहमी' हा शब्द का गिळलास?"

बरोबरच होतं. ती कमांड त्या क्षणाची परिस्थिती बघून प्रायॉरिटी लिहिते (आकडा जितका कमी, तितका रूटपदावर हक्क जास्त), साधारण २४५७६, आणि मोकळी होते. उद्या कुणी ४०९६ चा स्विच जोडला की रूटपद गेलं. म्हणून थेट ० द्यायचा. (दुसराही ० वाला आला तर कमी मॅक ॲड्रेसवाला (म्हणजे हार्डवेअरचा पत्ता ज्याचा लहान, तो) जिंकतो, पण ० च्या खाली जाताच येत नाही.)

आता कीबोर्डला हात लावण्याआधी वहीत लिहितो: हे वाक्य कशाने खोटं पडेल? 'निगोशिएशनशिवाय ट्रंक' (ट्रंक म्हणजे अनेक व्हीलॅन वाहून नेणारी जोडणी) या प्रश्नात याचा फायदा झाला. नुसता मोड ट्रंक केला तरी डीटीपीच्या (ट्रंक करायचा का हे स्विच आपसात ज्याने ठरवतात त्या प्रोटोकॉलच्या) फ्रेम जातच राहतात. 'नोनिगोशिएट' वेगळं द्यावं लागतं. 'शो इंटरफेसेस स्विचपोर्ट' मध्ये निगोशिएशन ऑफ दिसलं, तेव्हाच पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

'कमीत कमी कमांड वापरा' असं आलं की मात्र अजूनही डोकं खाजवतो.