वीजबिलात सूट भेटायलीय म्हणे? आधी अटी वाचा, मग पेढे वाटा

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, मराठवाड्यात घरगुती लाईटची कंपनी बदलता येत नाही. मोबाईलच्या सिमसारखं कंपनी बदला आणि सूट घ्या असले फॉरवर्ड ग्रुपवर फिरायलेत, ते वाचून लोकं विचारायलेत की अर्ज कुठं करायचा. कुठंच नाही राव. एकाच भागात दोन-तीन कंपन्यांना वीज विकू द्यायचं विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत आलं होतं खरं, पण ते संसदेच्या समितीकडं गेलं आणि आपल्या दारात काही बदललं नाही. संभाजीनगरवाल्यांना आठवत असंल, तेव्हाच्या औरंगाबादेत २०११ ते २०१४ जीटीएल कंपनी बिलं वाटायची, तेव्हाही लोकांना वाटलं कंपनी बदलली म्हणजे दर बदलले, पण ती फ्रँचायझी होती, म्हणजे महावितरणच्या वतीनं काम बघणारी, ग्राहक महावितरणचेच आणि दरही वीज नियामक आयोगानं महावितरणला ठरवून दिलेलेच.

मग सूट कुठली? सूट भेटते, पण आहे त्या कंपनीतच, आणि प्रत्येक सुटीच्या मागं एक अट चिकटलेली असते. ज्यांची पोरं मुंबईला नाहीतर थेट युकेला गेलीत त्यांना खरोखर कंपनी बदलायचा चान्स असतो, तिथल्या अटी अजून वेगळ्या, त्याचंही खाली लिहिलंय. पण सुरुवात घरच्या बिलापासून करू.

बिल हातात घ्या आणि खालचा आकडा सोडून मधल्या ओळी वाचा. स्थिर आकार (वापरा नाहीतर नका, दर महिन्याला ठरलेला), वीज आकार (युनिटचा), वहन आकार (तारांवरून वीज आणायचा), इंधन समायोजन आकार (इंधनाच्या खर्चानुसार कमी-जास्त होणारा), वीज शुल्क (सरकारचा कर). कोणी पण सूट म्हणलं की पहिला प्रश्न हाच, की यातल्या कोणत्या ओळीवर? कारण एक टक्का सूट म्हणजे पूर्ण बिलावर एक टक्का असं आपण धरून बसतो आणि तसं नसतं. आता लवकर बिल भरण्याची सूट बघा, बिल निघाल्या तारखेपासून ७ दिवसात भरलं तर १ टक्का. पण ती कर आणि वीज शुल्क सोडून उरलेल्या रकमेवर. घरगुती बिलावर वीज शुल्क १६ टक्के असतं, म्हणजे समजा बिल २,००० आलं तर त्यातले साधारण पावणेतीनशे शुल्काचे गेले, उरलेल्या १,७२४ वर सूट, झाले १७ रुपये. आणि आता गंमत बघा, बिल भरायची शेवटची तारीख चुकली तर जो विलंब आकार लागतो तो १.२५ टक्के, आणि तो मात्र शुल्क-बिल्क सगळं धरून पूर्ण रकमेवर. म्हणजे २,००० वर २५ रुपये. देताना कमी रकमेवर, घेताना पूर्ण रकमेवर. नियमात लिहिलेलंच आहे, लपवलेलं नाही, फक्त कोणी वाचत नाही.

७ दिवस हे बिल तुमच्या हातात पडल्यापासून नाही तर बिलाच्या तारखेपासून मोजतात. म्हणून कागदाची वाट बघत बसू नका, ॲपमध्ये बिल आधी दिसतं, मेसेजही येतो. बिलावर रकमा पण वेगवेगळ्या छापलेल्या असतात, अमुक तारखेपर्यंत भरल्यास इतके, त्या तारखेनंतर भरल्यास इतके. सगळ्यात आधीची जी तारीख आहे ती तुमची, बाकीच्या तारखा विसरून जा. चेक देणारे कोणी राहिले असतील तर त्यांच्यासाठी, चेक टाकल्याची तारीख धरत नाहीत, वटल्याची धरतात.

ऑनलाईन भरलं की ०.२५ टक्के अजून, हे पण कर सोडून, आणि घरगुतीला महिन्याला ५०० रुपयांच्या वर नाही (५०० ची मर्यादा गाठायला बिल किती यायला पाहिजे ते तुम्हीच काढा). आपल्या २,००० च्या बिलावर हे होतात चार रुपये. इथं मात्र एक सावध राहा, काही पेमेंट ॲप बिल भरताना स्वतःची प्लॅटफॉर्म फी घेतात, क्रेडिट कार्ड वापरलं तर जास्तच, आणि चार रुपयाच्या सुटीसाठी त्याच्याहून जास्त फी भरायची म्हणजे निस्ता येडेपणा. साध्या यूपीआयनं नाहीतर महावितरणच्याच ॲपवरून भरा, आणि शेवटचं बटण दाबायच्या आधी एकूण रक्कम बिलाइतकीच आहे का बघा. ॲपवाल्यांच्या कॅशबॅकची तर बातच सोडा, पहिल्यांदा भरणाऱ्यालाच, इतक्या रुपयाच्या वरच्या बिलालाच, आणि भेटतं काय तर कुठल्यातरी दुकानाचं कूपन.

गो-ग्रीन म्हणून एक आहे, कागदी बिल बंद करून ईमेलवर घ्यायचं, दर बिलाला १० रुपये, पुढं नवीन नोंद करणाऱ्याला वर्षाचे १२० रुपये पहिल्याच बिलात एकदम द्यायला लागले. नोंदणीला छापील बिलावरचा १५ अंकी जीजीएन नंबर लागतो, म्हणून शेवटचं कागदी बिल फेकू नका. याची अट साधीच, कागद येणार नाही. पण घरात म्हातारी माणसं एकटी असतील, ईमेल पोराचा असंल आणि पोरगा पुण्यात, तर मेल न बघितल्यानं तारीख जाते आणि १० रुपये वाचवून २५ घालवायची पाळी येते. तिथं कागदच बरा. बँकेत, रेशनला पत्त्याचा पुरावा म्हणून पण बिल मागतात, तेव्हा पीडीएफ काढून प्रिंट मारायची तयारी ठेवा.

आता जी सूट खरंच काही कामाची आहे तिच्याकडं या. १ जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत वापरलेल्या युनिटवर ८० पैसे सूट सुरू झाली, ती पुढच्या वर्षांत टप्प्याटप्प्यानं एक रुपयापर्यंत न्यायचं तेव्हा ठरलं होतं. अट, टीओडी म्हणजे वेळ नोंदवणारा स्मार्ट मीटर पाहिजे. जुन्या मीटरला वेळ कळत नाही, त्याच्यावर तुम्ही दिवसभर मोटर चालवा नाहीतर रात्री, सूट शून्य. शेजाऱ्याला सूट बसली आणि मला कामून नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा मीटरमध्येच असतं.

आपल्याकडं या सुटीचा हिशोब उन्हाळ्यात जमतो कारण मार्च संपला की दुपारभर कूलर चालूच असतो. त्यात पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, घरगुती आटाचक्की, इस्त्री हे ९ च्या नंतर सरकवलं आणि दिवसाला चार युनिट त्या वेळेत बसले तर महिन्याला १२० युनिट, म्हणजे ९६ रुपये. लवकर भरण्याच्या आणि ऑनलाईनच्या सुटीपेक्षा चौपट. पण हे सूट आहे म्हणून जास्त वापरा असं नाही हां, कारण ८० पैशाच्या नादात युनिट वाढले तर स्लॅब वरचा लागतो. पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० चा दर जवळपास दुप्पट, त्याच्या वर अजून. वरचा दर फक्त वरच्या युनिटलाच लागतो, सगळ्या बिलाला नाही, ते बरंय. तरी रात्रीचं काम दिवसा आणलं तर फायदा, नवीन काम काढलं तर तोटा.

एसीसाठी थ्री फेज करून घेणाऱ्यांनी स्थिर आकाराची ओळ बघावी. सिंगल फेजपेक्षा कितीतरी जास्त असते, एसी बंद असला तरी, गावाला गेलात तरी, बारा महिने.

दारिद्र्यरेषेखालच्या घरांचा दर सगळ्यात कमी आहे पण त्याची अट सगळ्यात कडक, आणि ज्यांना ती माहीत पाहिजे त्यांनाच कोणी सांगत नाही. मंजूर भार (कनेक्शनला मंजूर केलेली क्षमता) पाव किलोवॅटपर्यंत, आणि वापर महिन्याला ३० युनिट धरून वर्षाला ३६० पर्यंत. आर्थिक वर्ष संपलं की हिशोब बघतात, आदल्या वर्षी ३६० च्या वर गेलेलं घर साध्या घरगुती दरात टाकतात आणि एकदा गेलं की परत त्या सवलतीत येता येत नाही. एका उन्हाळ्यात लेकरासाठी कूलर लावला की तेवढे युनिट सहज जातात. म्हणून अशा घरात दर महिन्याला मीटरवरचा आकडा लिहून ठेवायचा आणि डिसेंबरमध्येच बेरीज मारायची, मार्चमध्ये मारून काय उपयोग. आणि शेतीपंपाची मोफत वीज, म्हणजे साडेसात एचपीपर्यंतची बळीराजा योजना, ती फक्त पंपाला. गोठ्यातला नाहीतर घरातला बल्ब त्याच्यावर चालवायचा नाही.

सोलर. इथं एजंट लोकांनी जे चालवलंय ते ऐकून घ्या. केंद्राच्या सूर्यघर योजनेत, म्हणजे घराच्या छतावर सोलर बसवायच्या, अनुदान १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,०००, ३ ला ७८,००० आणि तिथंच थांबतं. पाच किलोवॅट बसवा, अनुदान जास्त भेटंल असं म्हणणारा खोटं बोलतोय, पाचालाही ७८,००० च. हे पैसे आधी भेटत नाहीत, पॅनल बसून नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली, दोन्ही वीज मोजणारं) लागून तपासणी झाली की मग खात्यात येतात, तोवर पूर्ण रक्कम नाहीतर कर्ज तुमच्या अंगावर. पॅनल भारतात बनलेले, आतले सेल सुद्धा भारतातले, हीच अट, स्वस्त बाहेरचे बसवले तर अनुदान गेलं. काम योजनेत नोंदणी असलेल्या व्हेंडरकडूनच, आणि पाच वर्षं देखभाल त्यानं करायचीय, ते कोटेशनवर लिहून घ्या, तोंडी नको.

आपल्याकडं खरी अडचण येते ती नावाची. मीटर आजोबांच्या नावावर, आजोबा वारून किती वर्षं झाली कोणाच्या ध्यानात नाही, घर तिघा भावात, आणि अर्ज करणार धाकटा. आधी मीटरचं नाव बदलून घ्या, वारसांची संमती जमवा, मग सोलरच्या मागं लागा, नाहीतर व्हेंडरला ॲडव्हान्स देऊन बसताल आणि अर्ज अडकून राहील. आणि शून्य बिल हा शब्द ऐकला की हसून सोडून द्या, स्थिर आकार येतच राहतो. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात पण आर्थिक वर्ष संपताना जे उरतील ते पुढं जात नाहीत, ठरलेल्या दरानं कंपनी घेते आणि तो दर तुमच्या दराच्या जवळपासही नसतो. त्यामुळं गरजेपेक्षा मोठा प्लांट घेऊन वीज विकून कमवू हा हिशोब घरगुतीला बसत नाही. मागच्या बारा महिन्यांचे युनिट काढा, एक किलोवॅट महिन्याला साधारण शंभर-सव्वाशे युनिट देतो असं धरा आणि तेवढाच घ्या.

आता बाहेरगावच्या लेकरांचं. मुंबई उपनगरात घरगुती ग्राहकाला टाटा आणि अदानी यांच्यात बदल करता येतो. पण तारा जुन्याच कंपनीच्या राहिल्या आणि वीज दुसऱ्याची घेतली तर वहन आकार तारांच्या मालकाचा लागतो, क्रॉस सबसिडी अधिभारासारखे (जुन्या कंपनीची स्वस्त दरातल्या ग्राहकांची तूट भरायला घेतलेले) आकार वेगळे लागू शकतात. नुसता युनिटचा दर बघून बदललं आणि बिल तितकंच आलं तर कारण हेच. भाड्यानं असाल तर मीटर मालकाच्या नावावर असतं, त्याला न विचारता काही करू नका, आणि जुनी थकबाकी, नवी अनामत रक्कम हे आधी विचारा.

युकेचा तर विषयच वेगळा. लातूर-नांदेडची बरीच पोरं शिकायला गेलीत, चौघं मिळून भाड्यानं घर घेतात आणि पहिल्याच महिन्यात गॅस-लाईटचं स्वस्त डील घेऊन टाकतात. तिथं दोन आकडे बघायचे, युनिट रेट आणि स्टँडिंग चार्ज, म्हणजे काही वापरलं नाही तरी रोजचा ठरलेला आकार. सूट बऱ्याचदा युनिट रेटवर असते आणि स्टँडिंग चार्ज हळूच जास्त. दिवसभर कॉलेजात असलेल्या पोरांचा वापरच कमी, त्यांना तोच महाग पडतो. सूट बऱ्याचदा डायरेक्ट डेबिट, म्हणजे बँक खात्यातून बिल आपोआप कापून जाणं, चालू असेपर्यंतच, खात्यात पैसे नसल्यानं तो फेल झाला की पंचाईत. काही डील नवीन ग्राहकालाच, काहींना स्मार्ट मीटर पाहिजे, काहींत गॅस आणि लाईट दोन्ही त्यांच्याकडूनच घ्यायची. ऑफजेम म्हणजे तिथला वीज-गॅसचा नियामक, त्याच्या प्राइस कॅपचा (दराच्या कमाल मर्यादेचा) जो वर्षाचा आकडा बातम्यात येतो तो सरासरी घराचा असतो, कॅप दरावर आहे, तुमच्या बिलावर नाही, जास्त वापरलं तर बिल त्याच्या वर जाणारच.

फिक्स डील, म्हणजे ठराविक मुदतीला दर बांधलेलं, घ्यायच्या आधी घराचा करार किती महिन्याचा ते बघायला सांगा. घर दहा महिने आणि डील वर्षाचं असंल तर मधेच सोडताना एक्झिट फी (मुदतीआधी सोडल्याचा दंड) बसू शकते, लाईट आणि गॅसची वेगवेगळी. डील संपायच्या शेवटच्या ४९ दिवसात ती फी घेता येत नाही, आणि डील घेतल्यावर १४ दिवसात मन बदललं तर फुकट रद्द करता येतं. बिल पोरंच थेट कंपनीला भरत असतील तर कंपनी निवडायचा हक्क त्यांचा, भाड्यातच बिल धरलेलं असंल तर मालकाचा. आणि घरात पाय टाकल्या दिवशी मीटरचा फोटो काढून ठेवायला सांगा, नाहीतर आधीच्यांचे युनिट यांच्या गळ्यात.

परत आपल्या घरी. बिलात सूट बसायला पाहिजे होती आणि बसली नाही असं वाटलं तर आधी १९१२ वर नाहीतर ॲपवर तक्रार टाका, तक्रार नंबर लिहून ठेवा, भरल्याची पावती आणि बिलाचा फोटो जोडून उपविभागात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तिथं भागलं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, वकील लागत नाही. फक्त कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं, म्हणून बिलं निदान तेवढी तरी सांभाळून ठेवा.